फोन कुठला घ्यावा, आणि तो कधी वाजावा

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनकडची बस धरली, की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे आणि आजूबाजूची मिठागरे मागे पडत जातात. थोड्याच वेळात आपण मुंबईला इतके लागून आहोत हे खरे वाटू नये, अशा मुलखात येऊन पोहोचतो. तारोडी हे याच पट्ट्यातले गाव. कागदोपत्री ते मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. पण घराच्या ओटीवर बसले की वारा समुद्राचा लागतो आणि गप्पा गावच्या चालतात.

इथल्या एका ओळखीच्या घरी परवाच्या रविवारी जाणे झाले. सकाळचा मिस्सा आटोपून सगळे परतले होते. ओटीवर चहा झाला आणि घरातली मोठी मंडळी एका गंभीर प्रश्नावर विचार करायला बसली. प्रश्न लग्नाचा नव्हता की जमिनीचा नव्हता. घरातल्या थोरल्या मुलीला नवा फोन घ्यायचा होता आणि तो कुठला घ्यावा, हे ठरत नव्हते.

मुलगी अंधेरीच्या एका कचेरीत दीड वर्षापूर्वी लागली. तिथे रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिला सांगण्यात आले, की कामाची ई-मेल फोनवर आली पाहिजे. तिच्याजवळ धाकट्या भावाने वापरून सोडलेला फोन होता. त्यावर कचेरीचे खाते जोडले गेले आणि त्या दिवसापासून फोन वाजू लागला. सकाळी बसमध्ये, संध्याकाळी लोकलमध्ये, रात्री जेवताना. दिवसाला साठ-सत्तर मेल. त्यांतल्या पाच-सहा तिच्यासाठी आणि बाकीच्या 'माहितीसाठी प्रत' म्हणून सगळ्यांना पाठवलेल्या.

हेही चालून गेले असते. पण गेल्या महिन्यात आजीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा दाखवायची तारीख होती. ती तारीख नातीने फोनमध्ये घालून ठेवली होती. आदल्या रात्री फोनने आठवणही दिली. पण ती कचेरीच्या चाळीस सूचनांच्या मधोमध आली आणि दमलेल्या मुलीने बोटाच्या एका फटकाऱ्यात सगळ्याच सूचना पुसून टाकल्या. दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे कामावर गेली. आजी ठेवणीतले लुगडे नेसून अकरा वाजेपर्यंत ओटीवर वाट पाहत बसली होती. डोळ्याचे नुकसान झाले नाही, चार दिवसांनी दाखवून झाले. पण आजी त्यावर एक शब्दही बोलली नाही आणि नातीला तेच जास्त लागले.

म्हणून नवा फोन. भाऊ म्हणाला, कॅमेरा चांगला हवा. वडील म्हणाले, घरात रेंज मिळायला हवी. आईने किंमत विचारली. उत्तनहून आलेला मामा म्हणाला, पाण्यात पडला तरी चालेल असा घ्या. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. पण आजीची तारीख फोन जुना असल्यामुळे चुकली नव्हती. आठवण तर त्या जुन्या फोननेही वेळेवर दिली होती. मग नवा घेऊन नेमके काय सुधारणार, हा प्रश्न त्या बैठकीत कुणी विचारला नाही. अशा बैठका आज घरोघरी होतात आणि तिथेही तो क्वचितच विचारला जातो. या लेखाचे निमित्त तोच प्रश्न आहे.

कचेरीचे टपाल माणसाच्या खिशात कसे आले, हे आधी थोडे पाहू. १९९४ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीचा 'सायमन' नावाचा फोन विक्रीला आला. त्यात पत्ते होते, दिनदर्शिका होती, ई-मेल पाठवायची सोय होती. वीट म्हणावी असा जाडजूड होता आणि बोलू लागले तर त्याची बॅटरी तासाभरात मान टाकत असे. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १९९५ रोजी, पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलून भारतातल्या मोबाइल सेवेचा आरंभ केला. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हा मोबाइलवर बोलायला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडत आणि आलेल्या फोनचेही पैसे भरावे लागत. फोन वाजला की माणूस आधी नंबर पाही, मग परवडते का ते पाही आणि मग उचलायचे की नाही ते ठरवी. महागाईने का होईना, फोनवर एक अंकुश होता.

तो अंकुश पुढे सुटत गेला. २००४ मध्ये भारतात 'ब्लॅकबेरी' आला. मेल आली की ती आपण होऊन खिशात येऊन वाजावी, ही त्याची करामत. साहेब लोकांच्या कमरेला तो दिसू लागला. तिकडे अमेरिकेत तर त्याच्या नादी लागलेल्यांनीच अमली पदार्थाच्या नावावरून त्याला 'क्रॅकबेरी' असे टोपणनाव दिले होते. २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये अँड्रॉइडवरचे फोन आले आणि जी गोष्ट साहेबाच्या कमरेला होती, ती दहा वर्षांत कारकुनाच्या खिशात आली. स्वतः ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांची सेवा मात्र ४ जानेवारी २०२२ रोजी बंद पडली. यातून एक साधा धडा घेण्यासारखा आहे. यंत्र आणि कंपनी आज आहे, उद्या नाही. आपले पत्ते, तारखा, नोंदी मात्र जन्मभर लागतात. म्हणून पहिली कसोटी ही, की त्या नोंदी एका फोनमधून दुसऱ्यात सहज नेता आल्या पाहिजेत. जो फोन किंवा जे ॲप आपल्या नोंदी आपल्याला बाहेर काढू देत नाही, ते कितीही देखणे असले तरी नको.

आता 'नियोजन' म्हणजे काय, तेही पाहू. त्या दिवशी मामाने भरतीचे गणित सांगितले. तिथीची पाऊणपट करायची, आला तो भरतीचा तास. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जवळपास जुळतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, हेही त्यातच आले. घर कुठल्याही धर्माचे असो, किनाऱ्यावर भरतीला तिथीच लागते. बोट कधी काढायची आणि ती कधी किनाऱ्याला लागेल, याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नियोजन या एका ओळीच्या गणितावर झालेले आहे.

शेजारच्या भिंतीवर कालनिर्णय होते. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केले आणि मराठी घराचे नियोजन एका खिळ्यावर टांगले गेले. दुधाचा हिशेब, गॅस कधी लावला, मुलांची परीक्षा, शेजारच्या घरचे लग्न हे सगळे त्या चौकोनांत. त्याची थोरवी अशी, की ते घरातल्या सगळ्यांना दिसते आणि कधी वाजत नाही. आजीची तारीख नातीच्या फोनमध्ये गेली आणि भिंतीवरून उतरली, तिथेच खरी गफलत झाली. पूर्वी ती तारीख घराची होती. फोनमध्ये गेल्यावर ती एकट्या मुलीच्या शिरावर आली आणि तिचे डोके तर कचेरीच्या मेलींनी भरलेले.

म्हणजे फोन घेऊच नये काय? तसे म्हणणे ढोंगीपणाचे होईल. पगार ज्या कामाचा मिळतो, त्या कामाला मेल लागते, आणि बारा-चौदा तास घराबाहेर असणाऱ्या माणसाला तारखा आणि पत्ते खिशात असणे फार सोयीचे असते. फोन घ्यावा, चांगला घ्यावा. पण दुकानात शिरण्याआधी आपला दिवस कसा जातो ते एका कागदावर लिहावे आणि त्या कागदाला जुळणारा फोन शोधावा. जाहिरात पाहून फोन निवडला, तर आपला दिवस त्या फोनाला जुळवून घेण्याची पाळी येते.

या मुलीचेच उदाहरण घेऊ. सकाळी सातला घर सोडायचे, रात्री नवाला परतायचे. मध्ये बस, लोकल, कचेरी. तिला पहिली गरज बॅटरीची. आज साधारण पाच हजार मिलिअँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी मध्यम किमतीच्या फोनांतही मिळते आणि मेल, नकाशे, बोलणे एवढ्यावर ती रात्रीपर्यंत टिकायला हरकत नसते. मात्र प्रत्येक बॅटरी वापराने हळूहळू थकते. म्हणून नव्या फोनची बॅटरी संध्याकाळी कशीबशी तग धरत असेल, तर दोन वर्षांनी ती बोरिवलीलाच साथ सोडेल हे धरून चालावे.

दुसरी गरज रेंजची. वडिलांचे म्हणणे अगदी योग्य होते, पण रेंजचा दोष दर वेळी फोनचा नसतो. कुठल्या कंपनीचा मनोरा आपल्या घराजवळ आहे, यावर बरेच अवलंबून असते. शेजाऱ्यांच्या फोनवरून घरात, ओटीवर, आतल्या खोलीत बोलून पाहावे. फुकटची परीक्षा आहे. दोन सिमकार्डांचा फोन घेतला, तर एक क्रमांक घराचा आणि एक कचेरीचा ठेवता येतो. ही सोय पुढे फार उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. फोनची कंपनी त्याला सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे पुरवणार आहे? गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस-२४ साठी सात वर्षांचे वचन दिले. हे महागडे फोन झाले; स्वस्त फोनांना बहुधा याहून कमी वर्षे मिळतात. ज्या फोनवर कचेरीची मेल आणि बँकेचे व्यवहार दोन्ही आहेत, त्याला सुरक्षेच्या सुधारणा न मिळणे म्हणजे दाराची कडी मोडकी ठेवून गावाला जाणे. किमतीला या वर्षांनी भागावे. वीस हजारांचा फोन पाच वर्षे चालला तर वर्षाला चार हजार पडतात, बारा हजारांचा दोनच वर्षे चालला तर सहा हजार. आईच्या प्रश्नाचे खरे उत्तर या भागाकारात आहे.

मामाचा पाण्याचा मुद्दाही हसण्यावारी नेऊ नये. खोक्यावर आयपी-६७ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून फोनची परीक्षा झाली आहे, इतकाच. पण ती परीक्षा प्रयोगशाळेतल्या गोड्या पाण्याची असते. समुद्राचे खारे पाणी आणि खारी हवा यांचा त्यात हिशेब नाही. समुद्रकाठच्या गावात फोन चार्ज करायच्या खाचेत ओल आणि क्षार साचतात. ओल्या हाताने तिथे वायर घालू नये, खाच कोरडी ठेवावी. दुरुस्तीचे अधिकृत दुकान भाईंदरला, निदान बोरिवलीला आहे ना, तेही आधी पाहून घ्यावे.

आणि मराठी? भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर आपल्या भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे, असे सरकारी मानक आहे. तेव्हा देवनागरी दिसेल. पण कळफलक सुरू करून दुकानातच दोन ओळी लिहून पाहाव्यात. 'आजी, डोळा दाखवणे, मंगळवार' ही नोंद मराठीत करता आली, तर ती आईलाही वाचता येते.

इथवर सगळे वस्तू पारखण्याबद्दल झाले. आता ज्या गोष्टीमुळे आजी ओटीवर बसून राहिली, तिच्याकडे येऊ.

कचेरीची मेल आपल्या फोनवर येते तेव्हा ती एकटी येत नाही. खाते जोडताना पडद्यावर एक परवानगी मागितली जाते आणि आपण न वाचता 'होय' म्हणतो. कित्येकदा त्या परवानगीत असे लिहिलेले असते, की गरज पडल्यास कचेरी या फोनवरचा मजकूर दुरून पुसू शकेल. फोन चोरीला गेला तर कचेरीच्या कागदपत्रांसाठी ही तरतूद रास्त आहे. पण पुसताना कचेरीची कागदपत्रे तेवढी जाणार, की धाकट्या भावाच्या वाढदिवसाचे फोटोही जाणार? अँड्रॉइडवर २०१४ पासून याला चांगला उपाय आहे. फोनमध्येच कामाचा वेगळा कप्पा करता येतो. कचेरीचा हात त्या कप्प्यापुरता पोहोचतो आणि संध्याकाळी तो कप्पा सबंध बंद करता येतो. मग कामाची मेल वाजत नाही, आजीची आठवण मात्र वाजते. आयफोनवरची रचना निराळी आहे, पण ठरावीक वेळी कचेरीच्या सूचना थांबवण्याची सोय तिथेही आहे. हा कप्पा बहुधा कचेरीकडूनच करून घ्यावा लागतो. तेव्हा खाते जोडण्याआधी तिथल्या संगणक विभागाला तीन प्रश्न विचारावेत. वेगळा कप्पा मिळेल का? काय काय पुसण्याचा अधिकार तुमच्याकडे राहील? आणि फोन कामासाठी अत्यावश्यक असेल, तर त्याच्या खर्चातला वाटा कुणाचा? शेवटचा प्रश्न नव्याने लागलेल्या माणसाला विचारवत नाही, हे कळते. म्हणून तो चार जणांनी मिळून विचारावा.

आणखी एक. मेल आल्याक्षणी वाजलीच पाहिजे, असा निसर्गनियम नाही. टपाल सर्व्हरवर सुखरूप असते, तासाभराने पाहिले म्हणून ते कुठे जात नाही. फोनच्या मांडणीत जाऊन, मी उघडीन तेव्हाच मेल आण, असे सांगता येते. पोस्टमन दिवसातून एकदा-दोनदा येई आणि तरी जग चालत असे. घाईचे काम असेल तर मेल पाठवू नये, सरळ फोन करावा, हा नियम कचेरीनेच घालून दिला, तर निम्मी कटकट मिटेल.

हे कचेरीने का करावे? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची हक्काची सुटी नसे. 'दीनबंधू' पत्र चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मान्य झाली. आज आपण निवांतपणे ही पुरवणी हातात घेऊन बसतो, तो रविवार आपोआप आलेला नाही. गिरणीचा भोंगा कामगाराला बोलावी, पण रविवारी तो गप्प बसू लागला. आताचा भोंगा खिशात आहे आणि त्याला रविवार माहीत नाही.

बाहेरच्या देशांनी याचा विचार केला आहे. जर्मनीत फोक्सवॅगन कंपनीने २०११ मध्ये कामगार प्रतिनिधींशी करार करून पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने काही कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरीवर मेल पाठवणे बंद केले. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काला कायद्यात जागा मिळाली. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ मध्ये तसेच पाऊल उचलले. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी या हक्कासाठी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक आणले आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडले. पण खासगी विधेयकाचा कायदा होणे आपल्या संसदेत १९७० नंतर घडलेले नाही. तेव्हा कायद्याची वाट पाहत बसण्यापेक्षा प्रत्येक कचेरीने हा नियम स्वतःहून करणे शहाणपणाचे. रात्री दहाला मेल पाठवणारा साहेब दर वेळी दुष्ट असतो असे नाही. बहुतेकदा त्यालाही त्याच्या साहेबाची मेल नुकतीच आलेली असते. नियम असला, तर सगळ्यांचीच सुटका होते.

त्यात आपला वाटाही आहे. रविवारी आलेल्या मेलला रविवारीच उत्तर देणारा माणूस स्वतःची तत्परता दाखवतो. पण त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याचा रविवारही तो नकळत घालवतो.

तारोडीच्या बैठकीचा निकाल संध्याकाळी लागला. मधल्या किमतीचा, दोन सिमकार्डांचा, मोठ्या बॅटरीचा फोन ठरला. कॅमेऱ्यावरून भाऊ थोडा खट्टू झाला. फोन हातात आला की स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून त्याचा आयएमईआय क्रमांक लिहून ठेवायचे ठरले, कारण चोरीला गेला तर सरकारच्या 'संचार साथी' सेवेवर तोच देऊन फोन बंद पाडता येतो. मुलीने सोमवारी कचेरीत वेगळ्या कप्प्याबद्दल विचारायचे कबूल केले. विचारायचे धैर्य होईल का, असे तिच्या आईने हळूच विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आणखी तिघी जणी आहेत, त्यांना घेऊन विचारीन."

मग तिने टेबलावरचे पेन घेतले, भिंतीपाशी गेली आणि आजीच्या पुढच्या तपासणीची तारीख कालनिर्णयाच्या चौकोनात मोठ्या अक्षरात लिहिली. फोनमध्येही ती घालणार होतीच. पण आजीने आपला नवा चश्मा लावला, भिंतीजवळ जाऊन तारीख वाचली आणि बोट ठेवून विचारले, "मंगलवार ना गो?"